दोन प्रश्नचिन्हं

आता कोणत्या तोंडानं सांगू तुमाले! त्या दिवशी डोकं असं तापलं होतं, की वर पापड ठेवला असता तर भाजून निघाला असता.

आमी चौघं मास्तर मिळून शाळेच्या पोरांसाठी एक मराठी प्रोग्रामिंग भाषा बनवून राह्यलो. तिच्यात एक सोय घालायची होती. पोरानं नावाची जागा रिकामी सोडली, तर प्रोग्रामनं आपोआप 'पाहुणा' हे नाव घ्यावं. एवढंच! पण ह्या सोयीले एखादं चिन्ह पाहिजे ना? सोमवारी गडचिरोलीच्या शाळेत दाखवायचं होतं, अन् चिन्हाचाच पत्ता नाई!

मी ग्रुपवर टाकलं, "नागमोडी रेघ ठेवू. ~ कशी वाटते?"

आमच्यातली सगळ्यात नवी मास्तरीण, बल्लारपूरची शबाना. तिचं उत्तर आलं, "??"

ह्यात न समजण्यासारखं काय होतं, तुमीच सांगा! दहा ओळी लिहून समजावलं. विचारलं, "आता?"

"??"

अस्सा भडकलो! वीस वर्षं कम्प्युटर शिकवून राह्यलो मी! बाण मारून चित्रं काढून पाठवली. "आता तरी नीट सांग!"

"सर, माझं तेच. ??"

बस्स! गाडी काढली, चंद्रपूरहून थेट बल्लारपूर. तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान. ती तिथीच लॅपटॉप घेऊन बसली होती.

"अरे सर! बसा ना, चाय सांगतो," अब्बा म्हणाले.

"चाय नको, चाचा! तुमची पोरगी माझी टिंगल काऊन करून राह्यली? सकाळपासून नुसती प्रश्नचिन्हं!"

शबाना ताडकन उठली. "सर, मी प्रश्न नाई विचारून राह्यली! चिन्ह सांगून राह्यली!"

"कोणतं चिन्ह?"

"तेच! दोन प्रश्नचिन्हं. दुसऱ्या भाषांमधी ह्या सोयीले हेच चिन्ह हाये. मले वाटलं, तुमाले माहीत असन."

चाचांची कैची थांबली. ब्लाउजचं माप द्यायले आलेली बाई तोंडाले पदर लावून हसून राह्यली. मी खाली बसलो अन् रागारागानंच म्हणालो, "सांगा चाय!"

शेवटी दोन प्रश्नचिन्हंच ठरली. अन् गडचिरोलीत ती पोरांना समजावून सांगायले सगळ्यांनी मलेच उभं केलं.

शबानानं ग्रुपवर लिहिलं होतं, "सरले समजलं, म्हणजे आता कोणालेबी समजन!"