शशीने खोडलेली ओळ

फोन आला तेव्हा मी शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी जुन्या गिअरबॉक्सच्या भावावरून भांडत होतो. पलीकडे शशीची मुलगी होती. "काका, बाबा... ही पास्ड अवे. धिस मॉर्निंग. आईने सांगितलं, आधी तुम्हाला कळव." मी फोन ठेवला आणि गिऱ्हाईक म्हणत होतं त्या भावात गिअरबॉक्स देऊन टाकला. आयुष्यात पहिल्यांदा. शशी आणि मी तीन वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. तरी आधी मला का? तो प्रश्न घेऊन मी महिनाभर दुकानात येरझारा घालतोय.

एक्क्याण्णव साली दुबईतल्या अल कुसैसच्या एका खोलीत आम्ही चौघे राहायचो. शशी एका कंपनीत ड्राफ्ट्समन, मी गॅरेजमध्ये हेल्पर. पुढे मी दुकान टाकलं, तेव्हा माझी इंग्रजी पत्रं तोच लिहायचा. मला वेळ नसतो म्हणून, असं आम्ही दोघेही लोकांना सांगायचो. त्याची एक खोड होती. घरी आलेलं पाकीट तो नाव-पत्ता फाडून, त्याचे चार तुकडे केल्याशिवाय टाकायचा नाही. मी हसायचो, तर म्हणायचा, "कचऱ्याच्या डब्याला माझं नाव कशाला कळायला हवं, सावंतशेठ?"

अशा माणसाने ब्लॉग लिहावा! इंटरनेटवरची उघडी वही, कोणीही वाचावी. वर टोपणनाव होतं, 'शेजारी'. त्यात कंपनीतल्या गमती असायच्या, आणि गमती नसलेल्या गोष्टीही. पासपोर्ट साहेबाच्या कपाटात कुलुपात असतात, रजेवर जायचं तर लग्न कुणाचं, मयत कोण, हे साहेबासमोर उभं राहून सांगावं लागतं... हे असलं नावानिशी लिहिलं तर नोकरी जाते आणि नोकरीबरोबर व्हिसा. म्हणून शशीने सगळं बदललं होतं. एका मुलीच्या तीन केल्या, गाव बदललं, रजेचा मजकूर रजेहून परतल्यावरच टाकायचा, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरला हातही लावायचा नाही, सायबर कॅफेत जायचा. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जमणाऱ्या आमच्या मंडळीत कोणीतरी त्या मजकुराच्या प्रिंट आणायचं आणि पोहे खाता खाता हा 'शेजारी' कोण, यावर पैजा लागायच्या. "अबुधाबीचा असणार," शशी ठासून सांगायचा. "भाषेवरून कळतं." आणि आम्ही माना डोलवायचो.

तो चुकला एकाच ठिकाणी. इथून रजेवर जाणाऱ्याच्या बॅगेत त्याचं स्वतःचं सामान कमी आणि सगळ्या ओळखीच्यांची पार्सलं जास्त, हा आपला रिवाजच. शशीने एका रजेला नेलेल्या अकरा पार्सलांवर लिहिलं. त्यातलं एक पार्सल अशा माणसाचं, जो अर्धा किलो बदामांना अख्खं रीळभर चिकटपट्टी गुंडाळतो. आणि ती पट्टीही दुकानदाराला रडवून दोन दिरहॅमला, म्हणजे पंचवीस रुपयांना आणलेली. मंडळी पोट धरून हसली. मी हसलो नाही. ते पार्सल मी माझ्या हाताने एकाच माणसाकडे दिलं होतं.

मी उभा राहिलो. "शशी, हा 'शेजारी' तू आहेस!"

"सावंतशेठ, बसा. चहा घ्या." मग हळूच, "नंतर बोलू ना."

"नंतर का? लाज इथे काढलीस, इथेच बोल! हाच तो, बघा, हाच तो शेजारी!"

शशी बशीतले पोहे चिवडत राहिला. कोणी हसेना. त्या मंडळीत एकाचा मेव्हणा शशीच्याच कंपनीत होता, हे मला ठाऊक होतं. ओरडताना आठवलं नाही... की आठवलं होतं? आठवड्याभरात साहेबाने शशीसमोर प्रिंट ठेवल्या. व्हिसा रद्द. यल्ला, खलास. सगळे गावी परतले, मुलीची शाळा वर्षाच्या मध्येच सुटली. वर्षभराने तो परत आला ते दुसरीकडे, खालच्या हुद्द्यावर. ब्लॉग पुसून टाकलेला. भेटायला मी गेलो नाही. मला त्याच्या तोंडून 'चुकलो' ऐकायचं होतं. पट्टीवरून हसं माझं झालं होतं ना?

परवा अल कुसैसला शशीच्या घरी गेलो. वहिनींनी एक पाकीट पुढे केलं. आत त्या मजकुराचा हाताने लिहिलेला कच्चा कागद. बदाम होते, पट्टी होती, पंचवीस रुपये होते. त्याखाली एक ओळ शाईने गिरवून गिरवून खोडलेली. मी खिडकीशी उजेडात धरली. 'हा गृहस्थ सगळ्यांना डिप्लोमा इंजिनिअर म्हणून सांगतो. आहे सातवी नापास, त्याची पत्रं मी लिहितो. पण याच्याइतकं डोकं मला अजून एकाही इंजिनिअरकडे दिसलेलं नाही.' बाजूला बारीक अक्षरात, 'नको. ओळखतील.'

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "त्या शुक्रवारी ह्यांनी एवढी एक ओळ सांगितली असती तर तुम्ही खाली बसला असता."

"मग का नाही बोलला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, सगळ्यांसमोर?"

मला त्याचा अजून राग येतो. हा कागद तीन वर्षं घरात ठेवून गप्प बसलास? एकदा दुकानात येऊन माझ्या तोंडावर फेकायचा होतास. मी भांडलो असतो, पण भेटलो तरी असतो... असो. मी सातवी नापास आहे. ते सांगायचं की नाही हे माझ्या हातात होतं, म्हणून त्याने खोडलं. आज मी सांगतो. हा मजकूरही माझाच, वहिनींनी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं.

हल्ली दुकानात टपाल आलं की मी पत्ता फाडतो, चार तुकडे करतो, मगच डब्यात टाकतो. वहिनींनी दिलेलं पाकीट मात्र गल्ल्याशेजारी तसंच पडलंय. त्यावर शशीच्या अक्षरात माझं पूर्ण नाव आहे, दुकानाचा पत्ता आहे. तिकीट लावायचं तेवढं राहिलंय. दोनदा हातात घेतलं. फाडवत नाही.