धुरपदाजिजीची अर्धी गाणी

धुरपदाजिजीचा आवाज मी नदीबाहेर पहिल्यांदा ऐकला तो विसरवाडीच्या फाट्यावर. सर्व्हिस मोटारीच्या तोंडापुढे कमरेवर हात देऊन ती उभी होती आणि ड्रायव्हरला शिव्या घालत होती. आता त्या मोटारीच्या ड्रायव्हरला शिव्या घालणं यात नवल काही नाही, तो हक्क तिकिटातच धरलेला असे. नवल हे, की जिजी शिव्या गात होती. तालात, यमकासकट, आणि अशा आवाजात की फाट्यावरचे ट्रकवाले भोंगा वाजवायला लाजत होते.

"डायवरभाऊनी गाडी चाले कशी व,
चिखलमा बठेल म्हैस जशी व!"

एवढं म्हणून ती गप्प झाली. एक हात कानामागे धरून ड्रायव्हरकडे बघत राहिली. ड्रायव्हर बिचारा हसून हसून स्टिअरिंगवर पडला होता. जिजी चिडली. "आरे बोल ना! तुन्ही बारी शे."

"मी काय बोलू जिजी?"

"गयं वाया," जिजी म्हणाली आणि दुसरी शिवी सुरू केली. मोटार सुटायची वेळ कधीच टळून गेली होती, पण उतारू उतरून तिच्याभोवती गोळा झालेले. मी स्वतः टपावर बसलो होतो, मांडीवर माझा लाउडस्पीकरचा भोंगा घेऊन. लग्नाकार्यात भोंगा, बॅटरी आणि फोनो भाड्यानं देण्याचा माझा धंदा. शहाद्यापासून धडगावच्या घाटापर्यंत माझ्या भोंग्याशिवाय एकाही नवऱ्याला बोहल्यावर चढू दिलेलं नाही मी. पण त्या दिवशी मांडीवरचा तो भोंगा मला चहाच्या नरसाळ्याएवढा वाटायला लागला.

तिथंच हॉटेलात मुंबईच्या तबकड्यांच्या कंपनीचे एक साहेब सुरतेला जाताजाता चहा पीत होते. त्यांच्या बशीतला चहा जिजीच्या आवाजानं थरथरत होता म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. साहेब बशी हातात घेऊन तसेच बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, हे गाणं कुणाचं?"

"अर्ध मन्हं," जिजी म्हणाली. "अर्ध रेवानं."

रेवा कोण, हे सांगायला हवं. धुरपदा आणि रेवा दोघी ब्राह्मणपुरीच्या माहेरवाशिणी, एका निंबाच्या एका झोक्यावर वाढलेल्या. धुरपदा आमच्या भालखेड्यात दिली, रेवा समोरच्या निंबोणीत. मधे गोमाई नदी. आखाजीच्या सणाला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराई बोळवायला दोन्ही गावच्या बायका नदीवर येतात, आपापल्या काठावर उभ्या राहतात आणि एकमेकींना गाण्यातून शिव्या घालतात. आमच्याकडे हे रीतीचं आहे. नाक, तोंड, सासर, सासऱ्याची म्हैस, काहीही काढा. त्या दिवशीची शिवी पाण्यात जाते, घरी कुणी नेत नाही. पुरुषांनी तिथं फिरकायचं नाही. आम्ही बाभळीमागून ऐकायचो.

या भांडणाला एकच कायदा. एका काठानं दोन ओळी म्हटल्या, की थांबायचं. समोरच्या काठाची बारी. उत्तर येवो न येवो, ते यायला लागेल तेवढा वेळ त्यांचा. दुसऱ्याच्या बारीत तोंड घालणारी बाई आमच्याकडे चोरापेक्षा हलकी. आणि समोरचीचं उत्तर बाकी असताना नवं गाणं काढायचं नाही.

धुरपदा आणि रेवा समोरासमोर आल्या की बाकीच्या बायका आपोआप मागे सरत. धुरपदा म्हणायची:

"सामनेवाली बाईनं नाक कसं व,
हरभराना वावरमा ढेकूय जसं व!"

हे ढेकूळ अंगावर पडताच, पलीकडून श्वास घ्यायच्या आत रेवा:

"मन्हं नाक ढेकूय तर तुन्हं तोंड कसं व,
भर बजारमा फुटेल मडकं जसं व!"

असं दिवस मावळेपर्यंत. मासे ऐकायला वर यायचे. एकदा तर गोमाई वाहायची थांबली होती. ती उन्हाळ्यात तशी थांबतेच, पण त्या दिवशी मन लावून थांबली होती.

मग रेवाचा मुलगा भगवान पंचायत समितीचा सभापती झाला आणि सगळा घोटाळा झाला. टोपीला कांजी आली तशी माणसालाही आली. सभापतीच्या मातोश्री नदीवर उभ्या राहून कुणाच्या सासऱ्याची म्हैस काढतात, हे त्याला खपेना. त्यानं आईला नदीवर जायला बंदी केली. त्या आखाजीला धुरपदानं पहिली शिवी घातली, हात कानामागे धरला, आणि पलीकडून काही आलं नाही. दुसऱ्या बायकांनी काहीबाही म्हटलं. धुरपदानं ऐकूनच घेतलं नाही. ती उभीच राहिली. दिवस गेला, बायका घरी गेल्या, गौराई गेली. जाताना मला बाभळीमागे बघून म्हणाली, "भोंग्या, रेवानं उत्तर बाकी शे. ते येवाबिगर मी नवं गानं म्हननार नही."

आणि खरंच त्यानंतर नदीवर तिनं एकही नवी ओळ म्हटली नाही. ड्रायव्हरला म्हटलेल्या शिव्या मोजायच्या नाहीत. तो नुसता जीभ मोकळी करण्याचा प्रकार होता.

तर साहेबांनी तिला मुंबईला बोलावलं आणि जिजीनं मला बरोबर घेतलं, कारण यंत्राशी बोलणारा तिच्या ओळखीचा मी एकटाच. कंपनीतली ती खोली बघण्यासारखी होती. भिंतींना गोधड्यांसारखं जाड काहीतरी मारलेलं, म्हणजे बाहेरचा आवाज आत नको. मला वाटतं जिजीचा बाहेर जाऊ नये म्हणूनच असावं. लाल दिवा लागला. जिजीनं आपल्या जुन्याच शिव्या काढल्या, रेवाला घातलेल्या. दोन ओळी म्हटल्या आणि कानामागे हात धरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

काचेपलीकडून साहेब ओरडले, "बाई, थांबू नका! गात राहा!"

"मी कोठे थांबनी? तिन्ही बारी शे."

"कुणाची?"

"रेवानी."

"रेवा कुठे आहे?"

"निंबोणीले," जिजी म्हणाली. साहेब असा कसा प्रश्न विचारतात, हे तिला कळेना.

साहेबांनी पुष्कळ समजावलं. मधल्या जागेत सतार घालू म्हणाले, बासरी घालू म्हणाले. पेटीवाल्यानं तर न विचारता दोन सूर वाजवलेसुद्धा. जिजीनं त्याच्याकडे असं पाहिलं की पेटीचा भाता आपोआप मिटला. "दुसरानी बारीमा पेटी कसाले वाजाडस रे? तुन्ही माय नही शिकाडनी का?"

शेवटी साहेबांनी हात टेकले. गाणी होती तशी निघाली. दोन ओळी जिजीच्या, मग तेवढीच शांतता, मग दोन ओळी. तबकडीच्या शेवटच्या बाजूवर तर शेवटच्या ओळीनंतर जिजी इतका वेळ थांबली की तबकडी संपली तरी ती थांबलेलीच होती. तीन तबकड्या, जाड पुठ्ठ्याच्या एका वेष्टनात. वर जिजीचा फोटो, हात कानामागे.

बाजारात आल्याबरोबर लोकांनी तबकड्या परत आणून द्यायला सुरुवात केली. मधेमधे आवाज जातो, म्हणे. एका गिऱ्हाइकानं तेवढ्यापायी आपला फोनो खोलून साफ केला आणि त्यातून एक झुरळाचं कुटुंब निघालं, एवढाच काय तो कंपनीचा उपयोग. मग एका वर्तमानपत्रात लिहून आलं की ही गाणी ग्राम्य आणि अर्वाच्य आहेत, असल्या शिव्या घराघरात नेणाऱ्या कंपनीला लाज वाटली पाहिजे. मी घाबरत घाबरत ते जिजीच्या ओट्यावर वाचून दाखवलं. जिजी खूश झाली. "खरं बोलना तो. शिव्याले शिव्या म्हनना. जानकार मानूस दिखस."

आणि मग पुण्याच्या वर्तमानपत्रात तो मोठा लेख आला. अर्धं पान. लिहिणारे कुणी गाढे संगीतसमीक्षक होते. त्यांनी लिहिलं होतं की या गायिकेनं मराठी मुलखाला मौन ऐकायला शिकवलं. ओळ संपते आणि एक विराट रितेपण समोर उभं राहतं. त्या रितेपणात कुणीतरी बोलायचं राहून गेलं आहे, आणि गायिका त्याची वाट पाहत आहे. असा धीर थोर कलावंतालाच असतो, वगैरे.

मला हसू आवरेना. म्हटलं, "जिजी, तुमची रेवा निंबोणीला भाकरी थापतेय आणि ह्यांना विराट रितेपण दिसलं!"

जिजी हसली नाही. "परत वाच," म्हणाली. मी वाचलं. ती म्हणाली, "त्या मानूसले गोमाई कोनी दखाडी नही, रेवा दखाडी नही. तरी त्याले आयकू उनं. कोनतरी बोलानं ऱ्हाई गयं. भोंग्या, आठे नदीवर ऱ्हाईसन भगवानले आयकू उनं नही."

मग बढाई मारण्यात जो हात आयुष्यभर कुणाला धरू दिला नाही, तो हात मी कामाला लावला. तो लेख घेऊन थेट सभापतींच्या कचेरीत गेलो. म्हटलं, भगवानभाऊ, पुण्यात तुमच्या घराण्याचं नाव गाजतंय. दिल्लीतही बोलणं चाललंय. (दिल्लीत बोलणं चालतच असतं, मी विषय सांगितला नव्हता.) ह्या लेखात ज्या थोर कलावंताची वाट पाहणं चाललंय, ती कोण? तुमच्या मातोश्री!

भगवाननं लेख दोनदा वाचला. टोपी नीट केली. "म्हणजे ही कला आहे?"

"अर्धं पान कला आहे, भाऊ."

त्या आखाजीला निंबोणीच्या काठावर मांडव पडला. खुर्च्या आल्या. शहाद्याहून कचेरीतले साहेबलोक आले. रीत मोडून पुरुष उघड्यावर बसले होते, पण तबकडीचा कार्यक्रम म्हटल्यावर बायकांनी चालवून घेतलं. पहिल्या खुर्चीवर रेवाजिजी, नवं लुगडं नेसवून बसवलेली, टाळूवर पदर, तोंड शिवल्यासारखं. आमच्या काठावर मी भोंगा थेट तिच्या खुर्चीवर रोखून बसलो. शेजारी धुरपदाजिजी जमिनीवर, गुडघे धरून. गाणं सुरू व्हायच्या आधीच तिचा एक हात कानामागे गेला.

मी सुई टेकवली.

"सामनेवाली बाईनं नाक कसं व,
हरभराना वावरमा ढेकूय जसं व!"

मग ती शांतता. भगवानला वाटलं गाणं संपलं, त्यानं टाळ्या वाजवल्या. साहेबलोकांनीही वाजवल्या. टाळ्यांत रेवाची बारी निघून गेली. पुढच्या दोन ओळी. पुन्हा शांतता. एक साहेब शेजाऱ्याला म्हणाले, "हेच ते रितेपण." आणि रेवाजिजी खुर्चीवरून उठली.

"आई, बस," भगवान म्हणाला.

"तू बठ. मन्ही बारी शे." पदर कमरेला खोचून ती खुर्च्या सारत पाण्यात घोट्याएवढी उतरली, आणि इतकी वर्षं तुंबलेला तो आवाज नदीवरून आमच्या अंगावर आला.

"ममईले जाईसन तू भांडनी कोनासंगे व,
भित बिचारी मुकी व्हती, भांडनी तिन्हासंगे व!"

दोन्ही काठांवरच्या बायकांनी असा कल्ला केला की मांडवाचा एक खांब सुटला. धुरपदाजिजी ताडकन उठली. "बोलनी! बोलनी व माय!" तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडात शिवी तयार होत होती. तबकडी अजून फिरतच होती. ती माझ्यावर ओरडली, "उचल ती सुई! आते मी बोलसू!" दिवस मावळेपर्यंत दोघींनी कुणाला सोडलं नाही. साहेबलोकांच्या चष्म्यांवर ओळी झाल्या, भगवानच्या टोपीवर झाल्या, माझ्या भोंग्यावर तर चार झाल्या, त्या छापण्यासारख्या नाहीत. भगवान आधी लाल झाला, मग हसायला लागला, आणि शेवटी आईच्या बाजूनं एक यमक पुरवताना पकडला गेला.

त्यानंतर काही वर्षं दर आखाजीला गोमाईवर असा दंगा झाला की विचारू नका. धुरपदाजिजी नेहमी म्हणायची, "गानं आपलं अर्धच ऱ्हास रे. दुसरं अर्ध सामनेवालीनं. पुरं गानं म्हननारी बाई खोटी समज." पुण्याहून एक पत्रकार तिला भेटायला आला होता, त्यालाही हेच सांगितलं. त्यानं त्याचा काय विराट अर्थ लावला ते मी वाचलं नाही.

एका हिवाळ्यात जिजी गेली. दोन दिवसांचा ताप, बस. शेवटपर्यंत वैद्याला शिव्या घालत होती आणि दर शिवीनंतर त्याच्या उत्तरासाठी थांबत होती.

त्या वर्षीच्या आखाजीला मांडव नाही, खुर्च्या नाहीत. आमच्या काठावरच्या बायकांनी मला भोंगा लावायला सांगितलं. मी सगळ्या तबकड्या लावल्या. पलीकडे रेवाजिजी पाण्यात उभी होती. धुरपदाची ओळ, रेवाचं उत्तर, धुरपदाची ओळ, रेवाचं उत्तर, एकही बारी चुकली नाही. मग शेवटची बाजू आली, आणि शेवटच्या ओळीनंतरची ती लांबलचक शांतता. रेवा काही बोलली नाही. सुई तबकडीच्या मध्यापर्यंत जाऊन खरखरत राहिली. मला वाटलं, संपलं. मी सुई उचलायला हात घातला.

पलीकडून रेवाजिजी ओरडली, "ओ भोंगावाला! हात काढ तठून! परत लाव. मन्हं उत्तर आजून बाकी शे, आन धुरपदा आते कोठे पयी जाई?"

मी परत लावली.