सासूबाईंची अबोली

मी चाळीस वर्षं कपाशी पिकवली. त्यामुळे एका डब्यातली अबोली म्हणजे माझ्यासाठी पोरखेळ, असं मी ठरवून टाकलं. ठरवायला मला दुसरं कुणी लागत नाही. घरातले बहुतेक निर्णय मी असेच घेतले आहेत.

त्यातला एक असा. सासूबाई फुलसावंगीला एकट्या राहायच्या. बायको म्हणाली, मायला आपल्याकडे महागावला आणू. मी म्हणालो, "पाहू." आमच्याकडे 'पाहू' म्हणजे 'नाही'च, फक्त चहा पाजून सांगितलेलं. दोन वर्षं मी पाहत राहिलो. मग सासूबाईच गेल्या. तेरवी आटोपून बायको परतली ती तेलाच्या जुन्या डब्यात त्यांची अबोली घेऊन. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. भाजी आणा, दार लावा, एवढंच.

शेजारच्या काकूंनी डबा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "भाऊ, अबोली कायले आनली? नावच पहा ना. घरात अबोला येते." अबोला आमच्याकडे आधीच मुक्कामाला आलाय, झाड नुसतं मागून पोचलं, हे मी त्यांना सांगत बसलो नाही.

पण झाड जगायला हवं होतं. ते मेलं असतं तर तिच्या मायचं म्हणावं असं काहीच उरलं नसतं, आणि त्याचाही धनी मीच ठरलो असतो. या विचाराने मला खरोखर धास्ती बसली. म्हणून मी कृषी केंद्रात गेलो. दुकानदाराने वर न बघताच विचारलं, "किती एकर हाय?"

"एक डबा," मी म्हणालो.

तो हसला नाही. त्याने युरिया बांधून दिला. मी घरी येऊन कपाशीला टाकावा तसा मूठभर ओतला आणि डबा अंगणाच्या मधोमध ठेवला. एप्रिलचं ऊन होतं, पण पिकाला ऊन लागतंच की! आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि तुऱ्यांनी माना टाकल्या. चाळीस वर्षांच्या अनुभवाशिवाय हे इतक्या लवकर साधलं नसतं.

 बायकोने डबा उपडा केला, मुळांची खारवलेली माती झटकली, डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली. मग शेणखत, माती आणि थोडी वाळू कालवून झाड पुन्हा लावलं आणि डबा निंबाखाली नेला, जिथे फक्त सकाळचं ऊन येतं. पाणी रोज, पण चिखल होऊ द्यायचा नाही. वाळलेले तुरे खुडायचे, बियांसाठी दोन-चार ठेवायचे. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. पाहण्यात मी पटाईत.

दिवाळीपर्यंत झाड केशरी फुलांनी भरलं. एका सकाळी मी झारीने पाणी घालायला गेलो, ते नेमकं वाळक्या तुऱ्यांवर पडलं. तडतड आवाज झाला आणि एक बी थेट माझ्या चष्म्यावर आदळलं. मी झारी टाकून मागे सरलो. बायको ओसरीवर होती. ती हसली. किती महिन्यांनी हसली!

"पानी लागलं का फुटतेच ते," ती म्हणाली. "मायच्या अंगनात असेच उडत होते."

पुढे निंबाखाली त्या बियांची इवली रोपं उगवली. ती काढून बायको एकेक करून कुंड्यांत लावत होती आणि मी कुंड्या पुढे सरकवत होतो. आता सगळं सुरळीत झालं, असं मी नेहमीप्रमाणे माझं मीच ठरवलं.

"तुझी माय असती तर केवढी खूश झाली असती," मी म्हणालो.

तिने वर पाहिलं नाही. आवाजात रागही नव्हता.

"माय असती त हे झाड इथं आलंच नसतं," ती म्हणाली, आणि रोपाभोवतीची माती अंगठ्याने दाबत राहिली.