वरून काढलेलं ऑइल

गाडीच्या गेजच्या भोकातून बारीक नळी आत सोडली, पंपाचा दांडा मारायला लागलो, तेवढ्यात खाटेवरून किसनराव मुकादम म्हणाले, "मिस्त्री, खाली कवा जाणार?"

"जायचंच न्हाई. ऑइल वरूनच निघतंय आता."

"वरून?" त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "हे म्हंजी उंटावरून शेळ्या हाकणं झालं."

या वाक्याचा मला कंटाळा आला होता. चौसाळ्याच्या आसपास ज्या अंगणात पंप घेऊन जावं, तिथं कोणी ना कोणी ते म्हणतंच.

थोडं समजावून सांगतो. इंजिनाच्या बुडाशी ऑइल साठायचं भांडं असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. जुनं ऑइल काढायचं तर गाडीखाली आडवं व्हायचं, चेंबरचा बोल्ट सोडायचा आणि घमेलं धरायचं. थोडं घमेल्यात पडतं, थोडं तोंडावर. व्हॅक्यूम पंपाचं तसं नाही. ऑइल किती आहे ते बघायची एक पट्टी असते, तिला गेज म्हणतात. ती उपसायची, त्याच भोकातून नळी बुडापर्यंत सोडायची आणि दांडा मारून पंपाच्या डब्यातली हवा काढायची. मग ऑइल आपोआप डब्यात चढतं. त्याआधी इंजिन थोडा वेळ चालवून कोमट करायचं, नाहीतर ऑइल काकवीसारखं घट्ट राहतं आणि नळीत चढत नाही. पाठीला माती लागत नाही, कपड्याला डाग पडत नाही.

मला तेच पाहिजे होतं. अर्धं आयुष्य गाड्यांखाली गेलं आणि कमरेची गादी सरकली. डॉक्टर म्हणाले, गाडीखाली झोपणं बंद. मी म्हणालो, मग धंदाच बंद. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. मग गॅरेज सोडलं, पंप घेतला आणि लोकांच्या घरी जाऊन ऑइल बदलायला लागलो. पंप चालला तर मी मिस्त्री, नाहीतर मेहुण्याच्या किराणा दुकानात पुड्या बांधायच्या. त्या वयात त्या पुड्यांची मला फार भीती वाटत होती.

म्हणून किसनरावांचं अंगण महत्त्वाचं. ते ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे मुकादम. गावातले गाडीवाले त्यांना विचारल्याशिवाय टायरसुद्धा बदलत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टोळीच्या पुढं निघणार होते. सोबत त्यांची बायको सुमनबाई, आणि बीडजवळच्या गावातून लेकरंवाल्या दोन बाया घ्यायच्या होत्या. म्हणजे आधी मांजरसुंब्याचा घाट उतरायचा.

नळी गुरगुरायला लागली. ऑइल संपलं की ती हवा ओढते, तेव्हा तसा आवाज येतो.

"झालं," मी म्हणालो.

"काय झालं? तुमच्या शर्टाला डाग न्हाई. सगळं निघालं कशावरून?"

वाद घालायचं त्राण नव्हतं. "खालचा बोल्ट सोडून बगा. राहिलं आसंल तर पडंल. मला खाली झोपता येत न्हाई."

किसनराव उठले. पांढऱ्या कपड्यांत गुडघे टेकून वाकले आणि बंपरपाशीच पोट अडलं. तेवढ्यात सुमनबाई दारातून म्हणाल्या, "सरका तुमी. उद्या निघायचं आन आज कापडं घाण करता का?" त्यांनी पोतं अंथरलं, पदर खोचला आणि सरळ गाडीखाली गेल्या. मी चाकांना दगड लावले आणि पाना आत सरकवला.

"कोणता बोल्ट, भाऊ?"

"मधी, सगळ्यात खाली हाय बगा. लई घट्ट आसंल."

कोयता चालवून तयार झालेला हात तो. बोल्ट एका हिसक्यात सुटला. कपभर ऑइल पडलं आणि धार तुटली.

"बगा मुकादम," मी म्हणालो.

"हाय बाबा, मशीन खरं हाय." खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्या कामाला मान डोलावली होती.

बोल्ट परत आवळून झाला, तरी सुमनबाई बाहेर येईनात. खालूनच म्हणाल्या, "भाऊ, मागच्या चाकाला आतून वलं कावून हाय?"

"काल गाडी धुतली की," किसनराव म्हणाले.

"पाणी न्हाई हे. बोटाला बुळबुळ लागतंय."

त्यांनी हात बाहेर काढला. मी बोटाचा वास घेतला. ते ब्रेक ऑइल होतं.

मी बॉनेट उघडल्यावर ब्रेक ऑइलची टाकी बघितली होती. ती काठोकाठ भरलेली, म्हणून निश्चिंत होतो.

"मुकादम, ब्रेक ऑइल तुमी टाकलंत?"

"हां. कमी दिसलं की टाकतो. बाटली ठिवलीय ना गाडीत."

"कवापास्नं?"

"लई दिस झाले."

"आवो, ते काय डिझेल हाय का संपायला? ते बंद पायपात राहतंय. सारखं कमी व्हतंय म्हंजी गळतंय कुठंतरी. सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी ऑइल बदलायला आलता. ब्रेकचं इचारलं का तुमी?"

नव्हतं विचारलं. त्याचाच जास्त राग आला.

सुमनबाई बाहेर आल्या. नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "लेकरं बसणार व्हती ह्यात." किसनरावांनी हातातली तंबाखू टाकून दिली आणि ते खाटेवर काही बसले नाहीत.

पालथ्या बादलीवर बसून मी चाक काढलं. ब्रेक दाबला की आतला व्हील सिलिंडर नावाचा छोटा भाग ब्रेकचे पट्टे चाकावर रेटतो. त्याचं रबर फाटलं होतं. घाटात सारखा ब्रेक मारला असता तर पेडल खाली टेकलं असतं आणि गाडी थांबली नसती. नवा सिलिंडर आणायला किसनराव स्वतः मोटरसायकलवर चौसाळ्याला गेले. नंतर पायपातली हवा काढताना पेडल दाबायलाही तेच बसले. मी म्हणायचं "दाबा", मग "सोडा", आणि ते मुकाट्यानं करायचे. अंधार पडायच्या बेताला काम उरकलं. उठताना मला खांबाला धरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी घाट उतरल्यावर त्यांचा फोन आला. "ब्रेक लई कडक लागतोय. आन तुमच्या मशीनचं सांगितलंय मी गावात."

फोन यायला लागले, पण आनंद काही झाला नाही. पूर्वी ऑइल गळेपर्यंत मी खाली पडून असायचो. पडल्या पडल्या फाटलेलं रबर दिसायचं, घासलेला पाइप दिसायचा. दुसरं बघायला होतंच काय तिथं? पंपानं माझी कमर वाचवली आणि ते बघणं काढून घेतलं. त्या दिवशी किसनरावांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता, तर मी नवं ऑइल भरून, चहा पिऊन, त्या गाडीला घाटाकडे लावून दिलं असतं.

कानाला खडा लावला. आता बॉनेट उघडायच्या आधी पोतं अंथरतो आणि मालकाच्या हातात टॉर्च देतो. खाली जा, कुठं ओलं दिसतं ते सांगा. परवा एक साहेब चिडले, "मग तुम्हाला बोलावलं कशाला?" मी म्हणालो, ऑइल काढायला.

ऑइल वरून निघतं, गाडी खालूनच बघावी लागते. जो मालक खाली जात नाही आणि दुसऱ्या कोणाला पाठवतही नाही, त्याच्या गाडीला मी नळी लावत नाही. धंदा थोडा कमी झालाय, होऊ दे.