सुटकेसमधून आलेलं आयर्लंड

सिंगापूरमधल्या क्लेमेंटीच्या विद्यापीठात मी पोस्टडॉक म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी आमच्या प्रयोगशाळेचे आयरिश प्रोफेसर मला म्हणाले, "तुझी आणि माझी गोष्ट एकच आहे. इंग्रजांनी आपल्या दोघांनाही लुटलं." मला पुण्याहून येऊन जेमतेम आठवडा झाला होता. मी नुसती हसले. पुढे कळलं, की हे वाक्य ते श्रीलंकेच्या, मलेशियाच्या, जो कोणी नवा येईल त्याला ऐकवतात. त्यांच्याकडचे कितीतरी लोक त्याच इंग्रजांच्या फौजेत भरती होऊन आमच्याकडे आले होते, हे त्यांना माहीत नसेल असं नाही. पण ते काढलं की हे फुकटचं नातं जुळत नाही. सगळे त्यांना 'प्रोफ' म्हणत, मीही म्हणू लागले. त्यात आदर किती होता ते माझं मला ठाऊक.

आमचं काम पीटवर चालायचं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजून साचलेला पालापाचोळ्याचा काळा थर. सुमात्रात तो मैलोन् मैल पसरलेला आहे. त्यात चर खणून पाणी काढून टाकलं की तो वाळतो, आणि एकदा पेटला की जमिनीच्या आत धुमसत राहतो. वारा इकडे फिरला की तो धूर समुद्र ओलांडून सिंगापूरवर येतो. आयर्लंडमध्येही पीट आहे. तिथे त्याला टर्फ म्हणतात, विटांसारखे तुकडे कापून उन्हात वाळवतात आणि घर गरम ठेवायला शेकोटीत जाळतात. प्रोफ 'टर्फच्या देशाचा माणूस' म्हणून परिषदांमधून मिरवायचे.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक पीएचडीची विद्यार्थिनी बसायची. ती सुमात्रातल्या जांबीची. तिच्या वडिलांची पीटच्या जमिनीवर सुपारीची लहानशी बाग होती. बोलायला ती फटकळ होती, म्हणून माझं तिच्याशी जमलं.

त्या सप्टेंबरात धूर खूप आला. आम्ही खिडक्या बंद करून एअर प्युरिफायर लावून बसायचो आणि मास्क घालून बसस्टॉपवर उभे राहायचो. प्रोफ नुकतेच महिनाभराच्या सुट्टीवरून आले होते आणि तिच्या मोजमापांवर पेपर लिहीत होते. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आगींचं कारण दिलं होतं, 'अडाणी शेतकऱ्यांची शेत जाळण्याची बेजबाबदार सवय.'

मीटिंगमध्ये ती म्हणाली, "हे काढा. आमच्या गावाच्या वर मोठ्या मळेवाल्याने चर खणला, म्हणून आमची जमीन वाळली. माझ्या मोजमापांत ते दिसतंय."

"तुझ्या घरचा प्रश्न आहे, मी समजू शकतो," प्रोफ म्हणाले. "पण विज्ञानात भावनेला जागा नाही."

मी म्हटलं, "प्रोफ, भावना कुठे आहे यात? आलेख समोर आहे."

ते माझ्याकडे बघून गोड हसले. "शेतं जाळून दिल्लीत धूर करणाऱ्यांचीही तू अशीच बाजू घेशील, नाही का?" आणि मीटिंग संपवली. त्यांचं ते हसणं मला अजून आठवतं. वाद हरायला लागला की समोरच्याच्या देशाचा उकिरडा दाखवायचा, आणि तोही प्रेमाने.

शनिवारी त्यांच्या काँडोत, म्हणजे सोसायटीच्या आवारात, पार्टी होती. आदल्या दिवशीच्या पावसाने हवा जरा निवळली होती. मी नवऱ्याला घेऊन गेले. खाली स्विमिंग पूलशेजारी बार्बेक्यूची जागा होती. सगळे जमल्यावर प्रोफनी स्वेटरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी आणलं, तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून. आत टर्फच्या चार-पाच काळपट विटा होत्या. सुटकेसमधून आणल्या होत्या.

मग भाषण झालं. टर्फ कापायची ती अरुंद फावडी, तिला 'श्लॉन' म्हणतात, तो शब्द आम्हा सगळ्यांकडून म्हणून घेतला. लहानपणीचा उन्हाळा, दिवसभर दलदलीत वाकून केलेलं काम, थंड होऊ नये म्हणून मोज्यात घातलेली चहाची बाटली, संध्याकाळी घरी जाताना अंगाला येणारा मातीचा वास. हल्ली पर्यावरणाच्या नावाखाली काही दलदलींत टर्फ काढायला बंदी आणली आहे, हे सांगताना त्यांनी एका विटेवरून हात फिरवला. "ऑफिसात बसून कायदे करणाऱ्यांना काय कळणार? हा आमच्या लोकांचा हक्क आहे." मग त्यांनी विटा पेटवल्या.

धूर निघाला, दाट आणि उग्र. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या.

नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "अगं, आठवडाभर आपण दारं-खिडक्या लावून बसलो, ते हेच ना?"

"हेच."

तेवढ्यात सिक्युरिटीचे काका आले. "सर, कॅनॉट लाह, असं चालणार नाही. रेसिडेंट कंप्लेन करतायत, धूर फार होतोय."

"हा आमचा वारसा आहे," प्रोफ म्हणाले. काकांनी मान डोलावली, कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलून जवळ आणून ठेवली आणि तिथेच उभे राहिले.

जांबीच्या मुलीने विचारलं, "प्रोफ, हे जाळणं बेजबाबदार आहे का?"

"हे वेगळं आहे. ही संस्कृती आहे."

"आणि माझे वडील करतात ते?"

"पार्टीत पेपरचं नको गं," ते हसत म्हणाले आणि दुसऱ्या कुणाचा तरी ग्लास भरायला वळले. तिने प्लेट खाली ठेवली आणि ती एमआरटीच्या स्टेशनकडे चालू लागली.

मला तिथे थांबवेना. बर्फ आणायच्या निमित्ताने मी वर त्यांच्या फ्लॅटवर गेले. स्वयंपाकघरात प्रोफची बायको सँडविच कापत होती. तीही आयरिश, पश्चिमेकडच्या एका शेतकऱ्याच्या घरातली.

"भाषण झालं का?" तिने विचारलं.

"झालं. मोज्यातल्या बाटलीपर्यंत."

"ती बाटली माझी," ती म्हणाली. तिचा हात थांबला नाही. "तो डब्लिनचा. वडील दातांचे डॉक्टर. घरात तेलावर चालणारं हीटिंग. लग्नाआधी एकदा आमच्याकडे टर्फ रचायला आला होता. जेवणाआधीच पाठ धरली, मग आईने त्याला घरात नेऊन बसवलं. या विटा माझ्या भावाच्या शेडमधल्या आहेत."

मग ती सांगत राहिली. जमीनदारांच्या जमिनी कुळांच्या नावावर झाल्या, तेव्हा शेताबरोबर प्रत्येक घराला दलदलीची एक पट्टी मिळाली. तिच्या आजोबांना त्या पट्टीचा कोण अभिमान. पण मुलांच्या वाट्याला नुसती मरमर. ओल्या विटा उलटायच्या, चार-चार उभ्या टेकवून वाळत ठेवायच्या, पाऊस आला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. चिलटं डोळ्यांत जायची. "मला त्या वासाने आजही डोकं दुखतं. भाऊ अजून काढतो. त्याला दुसरं जमत नाही म्हणून काढतो. त्यात गाण्यासारखं काही नाही."

"तुम्ही यांना काही म्हणत नाही?"

"म्हटलं होतं पूर्वी. तर म्हणाला, नवरा-बायकोच्या आठवणी वेगळ्या कशा असतील?"

तिने ट्रे माझ्या हातात दिला. खाली उतरले तेव्हा काकांनी विटांवर पाणी ओतलं होतं आणि प्रोफ दुखावलेल्या चेहऱ्याने चिखलाकडे बघत होते. दुसऱ्याच्या पाठीवरचं ओझं आपलं म्हणून सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याचं सांत्वन करत होते, याची मला जास्त किळस आली.

सोमवारी जांबीच्या मुलीने पेपरवरून आपलं नाव काढायला सांगितलं आणि दुसऱ्या विभागात मार्गदर्शक शोधला. त्यात तिचं वर्ष गेलं. प्रोफ भेटेल त्याला सांगत होते, की तरुण पिढीला वसाहतीच्या जखमा कळत नाहीत. पेपर छापून आला. 'अडाणी'च्या जागी 'पारंपरिक' झालं होतं. त्यांची माघार एवढीच. पुढे एका परिषदेत त्यांनी व्याख्यानाच्या सुरुवातीला पडद्यावर टर्फच्या रचलेल्या ढिगाचा फोटो दाखवला, "माझं बालपण," म्हणाले, आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. त्यांच्या ते लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. असल्या माणसाला आपल्यासाठी वाजणाऱ्या टाळ्याच तेवढ्या ऐकू येतात.

त्यांची बायको नंतर भावाच्या आजारपणाला म्हणून गावी गेली, ती तिकडेच राहिली. माझं कंत्राट संपलं, मी दुसरीकडे लागले आणि आम्ही सिंगापुरातच सेरंगूनला राहायला आलो.

जांबीची मुलगी डिग्री घेऊन घरी परतली. गावकऱ्यांना घेऊन ती आता चर बुजवते, म्हणजे जमीन ओली राहील आणि पेटणार नाही. मध्यंतरी तिचा फोन आला होता. पाणी चढलंय, त्यामुळे वडिलांची सुपारीची झाडं मुळाशी कुजायला लागली आहेत. वडील तिच्याशी बोलत नाहीत.

"मग काय करणार?" मी विचारलं.

"अननस लावून बघतेय," ती म्हणाली. "त्याला ओल चालते. बाबा बांधावर उभे राहून बघतात, पण हात लावत नाहीत."