घासून गेलेली अक्षरं

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीवरून उठतो आणि घरातल्या घरात येरझारा घालतो. बायको म्हणते, "झालं का सुरू?" होतंच सुरू, काय करणार!

धाराशिव जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. मिरवणुकांचे दिवस, त्यात वार्षिक तपासणी तोंडावर आलेली. सकाळीच फोन आला. "मिस्तरीच्या ट्रंकेत तलवारी हायत, साहेब. लई हायत." नाव न सांगताच फोन कट. मी पंच घेतले आणि छापा टाकला.

मिस्तरी म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक. "जयभीम, साहेब," म्हणत त्यांनी स्वतःच ट्रंक उघडली. आत धोतराच्या मऊ फडक्यांत गुंडाळलेल्या सात काळपट तलवारी होत्या. दारात गल्ली गोळा झाली. "दंगलीची तयारी व्हती म्हणायची," कुणीतरी बोललंच. मिस्तरींची मान खाली गेली, ती ठाण्यापर्यंत वर आली नाही.

ठाण्यात मी त्यांना चांगलंच झापलं. कशाला जमवल्या? कुणासाठी?

"साहेब, अठराव्या शतकातल्या हायत, पलटणीतल्या. भूमच्या बाजारात भंगारात पडलेल्या, लोहाराकडं विळे करायला आलेल्या. तीस वर्षं एकेक करून जमवल्या. या वयात म्या कुणावर उगारू?" मग त्यांनी हात जोडले. "मला कोठडीत टाका, पण त्यांना घासू नका. एकीवर सोनेरी अक्षरं हायत, मळाखाली. ती तलवार कुणाची, हे त्यावरूनच कळंल."

"तलवारींची काळजी सोडा, स्वतःची करा!" मी खेकसलो.

दोन दिवसांनी जुन्या वस्तूंचा एक दलाल भेटायला आला. इकडचं तिकडचं बोलून सहज विचारल्यासारखं म्हणाला, "ती सोनेरी अक्षरांची कधी निघंल लिलावात?" माझे कान टवकारले. पंचनाम्यात अक्षरांचा उल्लेखच नव्हता. ह्याला कसं ठाऊक? बसवलं त्याला समोर. अर्ध्या तासात सगळं ओकला. मिस्तरी ती तलवार कितीही मागितली तरी देत नव्हते, म्हणून फोन यानंच केला होता.

आता तलवारी पुराणवस्तू ठरल्या की मिस्तरींवरचा डाग पुसला जाणार होता. मी तज्ज्ञांना बोलावलं. मोठ्या तोऱ्यात मुद्देमाल खोली उघडली आणि पायाखालची जमीनच सरकली. सातही तलवारी लखलखत होत्या.

मुद्देमाल सांभाळणारे हवालदार खूश. "तपासणी हाय ना, साहेब. पॉलिश पेपरनं घासल्या. हाताला फोड आले बघा."

तपासणीच्या आधी आम्ही पोलीस सगळंच घासतो. बूट, बक्कल, बंदुका, खिडक्यांचे गजसुद्धा. 'मुद्देमाल चकाचक दिसला पाहिजे,' हा आदेशही माझाच होता.

तज्ज्ञांनी मुठींच्या घडणीवरून काळ सांगितला, म्हणून मिस्तरी सुटले. अक्षरं मात्र गेली ती गेलीच. ती तलवार कुणाच्या कमरेला होती, हे आता कुणालाच कळणार नाही.

न्यायालयाच्या आदेशानं तलवारी परत द्यायची वेळ आली. पावतीवर ओळ होती, 'माल सुस्थितीत मिळाला.' मिस्तरींनी त्या तलवारीवर मुठीजवळ अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. त्यांचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खरं काय ते लिहा, मिस्तरी," मी म्हणालो.

"कुणी घासली?"

मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिलो. हवालदार मान खाली घालून उभे. मिस्तरींनी त्यांच्याकडं एकदा बघितलं.

"जाऊ द्या. ह्यांना बी लेकरंबाळं हायत," म्हणाले आणि त्यांनी सही केली.

त्यानंतर प्रत्येक ठाण्यात मी पहिल्याच दिवशी बजावायचो, जप्त केलेली वस्तू आपली नसते, तिला हात लावायचा नाही. माणसं मुकाट ऐकायची. पण हे शहाणपण कुणाच्या जिवावर आलं, ते मी कधी सांगितलं नाही. लोकांकडून कबुल्या घेण्यात माझी हयात गेली आणि त्या दिवशी 'आदेश माझा होता' एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. हवालदारांनीही ते कधी उच्चारले नाहीत. मिस्तरी वारले, ते हवालदारांनाच दोषी समजून.