बाबलचा हिरवा ठिपका

ही गोष्ट सांगायची मी वीस वर्षं टाळली. बाबलचं नाव निघालं की मी विषय बदलायचो.

बाबल आमच्या कणकवलीच्या कॉलेजात प्रयोगशाळेतला मदतनीस. मालवणच्या मच्छीमार घरातला, दहावी नापास. पण काच हातात घेतली की त्याची बोटं जाळं विणल्यासारखी चालायची. मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. साध्या काचेतून लेसरचा रंग बदलत नाही. तीच काच भट्टीत तापवून हजारो व्होल्टच्या दाबाखाली ठेवली, तर डोळ्यांना न दिसणारा लेसर आत जातो आणि हिरवा ठिपका बाहेर पडतो. दोन वर्षं धडपडूनही मला तो दिसला नाही. बाबलला एका दुपारी दिसला.

"सर, तुम्ही घाई करतास," तो हसत म्हणाला. "भट्टीचो काटो खाली इलो म्हणान काच थंड झाली असा नाय. ती पुरी थंड होयसर वीज काढूची नाय."

विजेने काचेच्या आत जे सरकतं, ते काच गरम असताना वीज काढली की परत जागेवर जातं. हे मी वर्गात शिकवत होतो. हाताने केलं त्याने. मुलं मला ओलांडून त्याच्याकडे जाऊ लागली. 'बाबलकाकांचा हिरवा' हे शब्द कानावर पडले की मला डबा गोड लागेना.

मुंबईहून एक तज्ज्ञ बघायला आले, त्या दिवशी बाबल त्यांना आणायला स्टेशनवर गेला. भट्टीत काच तापलेलीच होती. मी विजेचं बटण बंद केलं. काच निवल्यावर पुन्हा चालू करून ठेवलं.

ठिपका उमटला नाही. तज्ज्ञ म्हणाले, "काय हो, परवाचा हिरवा काजूच्या फेणीतला होता की काय?" सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी बाबल माझ्या टेबलापाशी आला. "माझाच खंयतरी चुकला, सर. तुमका माझ्यामुळा मान खाली घालूची लागली. माफ करा."

"असू दे," मी म्हणालो. मी त्याला माफ केलं!

त्याने पुन्हा काचेला हात लावला नाही. वर्षभरात नोकरी सोडून तो भावाच्या होडीवर गेला. दोन पावसाळ्यांपूर्वी वारला. त्याआधी एकदा मी मालवणला त्याच्या घरी गेलो होतो. सुनेला हाक मारून तो म्हणाला, "गो, हे माझे सर. ह्येंनी माका कधी एक शब्द बोलूक नाय."

वाक्य मी बसमध्येच ठरवलं होतं: बटण मी बंद केलं होतं.

"बाबल," मी म्हणालो.

"काय सर?"

"पाणी दे जरा."